ओसाका : शाकाहारी आईला घेऊन दोतोनबोरीत जाण्यात अर्थ आहे का?

पायपीट

मंडळी, नोव्हेंबरात आईला घेऊन जपानला चालले आहे. तोक्यो आणि क्योतो ठरलंय, तिकिटं काढून झालीत. मधे तीन रात्री ओसाका टाकलंय आणि त्या तीन रात्रींवरूनच घरात वाद पेटलाय. भाऊ म्हणतो, नाम्बा-दोतोनबोरी भागातच राहा, खरं ओसाका तिथेच आहे. वहिनी म्हणते, तिथे नुसती गर्दी, दिवे आणि तळणाचा वास, आईंना तिथे काय करायचंय?

आई ६८ वर्षांची. चालते भरपूर, पण जिने नकोत. पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. गर्दीला घाबरत नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडला खरेदी करणारी बाई आहे. पण "हे कशात तळलंय?" हा प्रश्न ती प्रसादालाही विचारते. तिच्या डोक्यातला जपान म्हणजे सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान, जिथे ती रोज सकाळी फिरायला जाते. ओकायामाच्या बागेवरून केलेलं, शांत, आखीव. तिला एकदम दोतोनबोरीतल्या त्या पाय हलवणाऱ्या भल्यामोठ्या खेकड्याच्या पाटीखाली उभं केलं तर काय होईल?

प्रेक्षणीय स्थळांची यादी नकोय, ती नेटवर ढिगाने आहे. तुम्ही काय केलंत आणि काय फसलं, ते सांगा.

तर्रीबाज

वहिनींना अनुमोदन.

'ओसाका म्हणजे खाणं' हे ऐकून शनिवारी संध्याकाळी गेलो. एबिसुबाशी पुलावर इतकी माणसं की आपण चालत नाही, ढकलले जातो. प्रत्येक जण त्या धावणाऱ्या माणसाच्या पाटीकडे पाठ करून, दोन्ही हात वर, एक पाय उचलून फोटो काढतोय. मीही काढला. आता बघवत नाही. मग ताकोयाकीसाठी, म्हणजे ऑक्टोपस घातलेल्या पिठाच्या गोळ्यांसाठी, पस्तीस मिनिटं रांग. गोळा वरून निरागस दिसतो, आत ज्वालामुखी. टाळू सोलवटली, पुढचे दोन दिवस क्योतोत जे खाल्लं त्याची चव आजतागायत माहीत नाही.

आमच्या सीताबर्डीला दिवाळीत एवढीच गर्दी असते आणि विमानाचं तिकीट लागत नाही.

ओसाकापूर

तर्रीबाज भाऊ, अख्खा गोळा तोंडात टाकलात ना? तो आधी काडीने फोडून वाफ जाऊ द्यायची असते. नऊ वर्षं झाली मला इथे. नवा पाहुणा पहिला ताकोयाकी अख्खा तोंडात टाकतो तो क्षण बघणं ही आमची फुकटची करमणूक आहे.

पायपीट ताई, आधी एक घोळ निस्तरतो. लोक 'दोतोनबोरी' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कालव्याकाठचा तीनचारशे पावलांचा तुकडा असतो. तो मिनामी भागाचा दर्शनी दरवाजा आहे, घर मागे आहे. उत्तरेला शिनसाइबाशीची छप्पर घातलेली बाजारगल्ली, पूर्वेला कुरोमोन बाजार, दक्षिणेला भांड्यांची दोगुयासुजी आणि खाली चालत गेलात तर शिनसेकाई. दरवाज्यातच उभं राहून घर बेकार आहे म्हणणाऱ्यांसाठी मी काही करू शकत नाही.

बोरी म्हणजे कालवा. दोतोन नावाच्या माणसाने १६१२ साली स्वखर्चाने खणायला घेतला. काम चालू असतानाच ओसाका किल्ल्याच्या वेढ्यात तो मारला गेला, नातलगांनी १६१५ मध्ये पूर्ण केला, आणि नाव त्याचं लागलं. पुढे सरकारने नाटकशाळा याच काठावर आणून बसवल्या. नाटक आलं म्हणजे चहाची दुकानं, खानावळी, मध्यंतरातले डबे आलेच. तेव्हा इथलं खाणं नाटकाच्या पाठोपाठ आलेलं आहे. नाटकं बहुतेक गेली, खाणं उरलं.

आता पाट्यांबद्दल. धावणारा माणूस १९३५ पासून आहे, सध्याचा सहावा, २०१४ साली लागलेला, एलईडीचा. कंपनी कॅरामेलच्या गोळ्यांची. एका गोळीत तीनशे मीटर धावायची ताकद, अशी त्यांची जुनी जाहिरात. ही ताकद मुळात कालवांच्या, म्हणजे ऑयस्टर शिंपल्यांच्या, रसातून काढलेल्या ग्लायकोजनची! आईंना फोटो काढू द्या, गोळी देऊ नका.

पुलाची एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८५ साली इथला बेसबॉल संघ, हानशिन टायगर्स, आपल्या लीगमध्ये पहिला आला. पुलावर गर्दीने एकेका खेळाडूचं नाव पुकारायचं आणि त्याच्यासारखा दिसणारा कुणीतरी कालव्यात उडी मारायचा, असा खेळ सुरू झाला. पाळी आली रँडी बासची. हा दाढीवाला अमेरिकन, त्याच्यासारखा दिसणारा माणूस कुठून आणायचा? मग जवळच्या केएफसीसमोरचा कर्नल सँडर्सचा पुतळा उचलला आणि दिला पाण्यात फेकून. त्या वर्षी संघाने जपानचं विजेतेपदही मिळवलं, पण त्यानंतर ते काही केल्या परत मिळेना. लोक म्हणाले, कर्नलचा शाप. पुतळा २००९ साली गाळात सापडला, तरी शाप सुटला नाही. पुन्हा विजेतेपद मिळालं थेट २०२३ मध्ये. त्या रात्री पोलिसांनी पूल भरून गेला होता. तरीही काही महाभागांनी उड्या मारल्याच. कालव्याचं पाणी बघितलंत तर कळेल की हे भक्तीशिवाय शक्य नाही.

राहायला कालव्यावरच खोली घेऊ नका, रात्रभर आवाज असतो. निप्पोनबाशीच्या बाजूला घ्या. आणि आईंना पहिल्यांदा दोतोनबोरीत न्याल ते सकाळी आठला न्या. विमानतळावरून नानकाई रेल्वे थेट नाम्बाला आणते. साध्या गाडीला हजार येनच्या आत पडतात. येनच्या आकड्याचं निम्मं करून वर थोडं घातलं की रुपये.

आणि सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं. तोक्योत डावीकडे. तोक्योहून येताय म्हणून सांगतो, पहिल्या दिवशी सगळे चुकतात आणि मागून घसा खाकरल्याचा आवाज येतो.

कासवगती

ओसाकापूर, शाप आणि कालवा दोन्ही आवडले. एक शंका : नाम्बा नावाची स्टेशनं नक्की किती आहेत? मी एकदा 'नाम्बा स्टेशनवर भेटू' असं ठरवून मित्राला पाऊण तास शोधत होतो. आम्ही दोघेही नाम्बालाच होतो.

ओसाकापूर

नानकाई नाम्बा, ओसाका-नाम्बा, जेआर नाम्बा आणि भुयारी मेट्रोच्या तीन मार्गांची नाम्बा. सगळी जमिनीखालून जोडलेली, वाटेत भुयारी बाजार. इथले लोकही स्टेशनवर भेटत नाहीत, अमुक दुकानासमोर भेटतात.

शाईदौत

पायपीट, जेवणाबद्दल मी लिहिते, कारण यात मी स्वतः पोळलेली आहे. जपानी शिकले पुण्यातच, आता भाषांतरं करते, आणि पहिल्या ओसाका भेटीत इतकी वर्षं शिकलेल्या जपानीचा माज एका वाटी सूपने उतरवला.

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मांस नको, मासे नकोत. "हाय, हाय," म्हणजे हो, हो करत बाईंनी उडोन, म्हणजे सूपमधल्या जाड शेवया, आणून ठेवले. वर तळलेला तोफू, कांद्याची पात, मासा कुठेच नाही. मी अर्धा वाडगा संपवल्यावर सहज विचारलं, चव फार सुंदर आहे, कशाची? त्या अभिमानाने म्हणाल्या, आमचं दाशी रोज सकाळी ताजं करतो. दाशी म्हणजे इथल्या स्वयंपाकाचं मूळ पाणी, वाळवलेल्या कात्सुओ माशाच्या पापुद्र्यांचं आणि कोम्बु या समुद्री शेवाळाचं. त्यांच्या दृष्टीने त्यांनी मला मासा दिलाच नव्हता. दाशी हा मासा नसतो, जसं आपल्याकडे हिंग हा पदार्थ नसतो.

म्हणून वाक्य असं पाठ करा : "निकु, साकाना, तामागो, दाशी मो ताबेमासेन." मांस, मासा, अंडं, दाशीसुद्धा खात नाही. शेवटच्या 'दाशी मो'वर समोरच्याचा चेहरा पडेल. पडू द्या. हेच वाक्य जपानीत छापून कार्ड करून न्या. नुसत्या कोम्बुचं दाशीही असतं, होक्काइदोहून जहाजांनी येणाऱ्या कोम्बुवरच ओसाकाच्या व्यापाऱ्यांनी एके काळी पैसा केला. पण रस्त्यावरच्या दुकानात ते वेगळं मिळेल अशी आशा धरू नका. ताकोयाकी आणि ओकोनोमियाकी, म्हणजे कोबीचं जाड धिरडं, विसरा. दोन्हींच्या पिठात अंडं आणि दाशी, ऑक्टोपस बाजूला काढला तरी उपयोग नाही.

मग खायचं काय? त्या भागात भारतीय आणि नेपाळी हॉटेलं आहेत, साडेसातचं जेवण तिथे. दिवसा भाजलेली रताळी. नोव्हेंबर हा त्यांचा ऐन मोसम, मोठ्या दुकानांच्या दाराशीच गरम मिळतात आणि आपल्या उपासाच्या रताळ्याला लाजवतील इतकी गोड असतात. काकी (पर्सिमन) फळंही तेव्हाच. आणि झेनझाई : लाल चवळीसारख्या अझुकीची गरम गोड आमटी, त्यात तांदळाच्या पिठाचे मऊ गोळे. पुरणाच्या कटात साखर जास्त पडली तर जसं होईल तसं. होझेनजी देवळाशेजारच्या दुकानात एका माणसाला ती दोन छोट्या वाट्यांत देतात, नवराबायकोची जोडी म्हणून. १८८३ पासूनची रीत आहे.

त्या देवळात आईंना नक्की न्या. दोतोनबोरीच्या कोलाहलापासून एक वळण घेतलं की दगडी फरशीची चिंचोळी गल्ली, कंदील आणि शेवाळाने पूर्ण झाकलेली एक मूर्ती. फुदो म्योओ. फुदो म्हणजे न हलणारा. हा आपल्याकडून गेलेला, संस्कृतात याचं नाव अचल. बौद्ध पंथांबरोबर चीनमार्गे इथे आला. त्याच्यापुढे करतात त्या अग्निविधीला जपानीत 'गोमा' म्हणतात, तो आपला होम. इथल्या फुदोला मात्र पाणी घालायचं असतं. १९४५ च्या बॉम्बफेकीत देऊळ जळलं, मूर्ती राहिली. लोक पाणी घालत राहिले आणि मूर्तीवर शेवाळ चढत गेलं. चेहरासुद्धा नीट दिसत नाही.

मुकाम_पोस्ट

एक इशारा देऊन ठेवतो. रात्री दहानंतर एकटाच भटकत होतो. कालव्याच्या उत्तरेकडच्या एका गल्लीत छान इंग्रजी बोलणारा मुलगा भेटला. दोन हजार येन, तासभर हवं तितकं प्या. वर गेलो. चौथा मजला, खिडकी नाही. बिल आलं अठरा हजारांचं. बसण्याचे वेगळे, बर्फाचे वेगळे, शेंगदाण्यांचे वेगळे. वाद घातला तर दोन आडदांड माणसं शांतपणे दाराशी येऊन उभी राहिली. दिले पैसे.

नंतर हॉटेलातल्या बाईंनी सांगितलं, रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक ओढणं इथे नियमाने बंद आहे, म्हणून जो ओढतो त्याच्याबरोबर जायचंच नाही. चांगल्या दुकानाला माणूस ओढून आणावा लागत नाही. आईबरोबर असाल तर हा प्रश्नच नाही म्हणा. पण धागा इतरही वाचतील.

तर्रीबाज

बर्फाचे वेगळे! मला वाटत होतं मीच दुःखी.

ओसाकापूर

मुकाम_पोस्ट, वाईट झालं. पण हे खरं आहे आणि सांगितलंत ते बरं केलंत. हा भाग रात्री दोन वाजता चालत घरी जाण्याइतका सुरक्षित आहे आणि त्याच रात्री खिसा रिकामा होण्याइतका लबाडही.

आजोळ

निप्पोनबाशीला उतरणार असाल तर बुनराकु, म्हणजे जपानी बाहुल्यांचं नाटक, बघा. राष्ट्रीय बुनराकु रंगमंदिर तिथेच आहे, १९८४ सालचं, आणि नोव्हेंबरात प्रयोग असतात. अख्खा प्रयोग चार तास जातो. आईंना झेपणार नसेल तर एकाच अंकाचं स्वस्त तिकीट मिळतं.

मी मूळची कुडाळकडची. पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या लहानपणी पाहिलेल्या, त्यामुळे बाहुल्या म्हणजे वरून दोऱ्या, हे डोक्यात पक्कं. इथे दोरी नाही. एका बाहुलीला तीन माणसं, तिघंही मंचावर उघड उभी. मुख्य सूत्रधार डोकं आणि उजवा हात सांभाळतो, त्याचा चेहरा दिसतो. डावा हात दुसऱ्याचा, पाय तिसऱ्याचे, ते दोघं काळ्या कापडात. पायांवर दहा वर्षं, डाव्या हातावर दहा वर्षं, मग डोक्याला हात लावायचा, असं म्हणतात. बाजूला एक गायक बसतो, नायिकेपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांचे आवाज तो एकटा काढतो, शेजारी शामिसेन हे तीन तारांचं वाद्य.

बाईच्या बाहुलीला बहुधा पाय नसतातच. किमोनोच्या घोळातून मुठी सरकवून चालण्याचा भास करतात. आणि काही स्त्री-बाहुल्यांच्या ओठाशी एक बारीक सुई असते. रडू आवरायच्या प्रसंगी बाहीचं टोक त्या सुईत अडकवतात, म्हणजे ती दातात कापड धरून हुंदका दाबतेय असं दिसतं. मी तिसऱ्या रांगेत होते. सुई आहे हे माहीत असूनही मला ती दिसली नाही.

तर्रीबाज, या कलेचं माहेर तुम्ही ज्या रांगेत पस्तीस मिनिटं उभे होतात तोच रस्ता. ताकेमोतो गिदायुने १६८४ साली आपलं बाहुल्यांचं थिएटर दोतोनबोरीवर काढलं.

तर्रीबाज

मला तिथे फक्त ऑक्टोपस दिसला, काय करू?

घाटवाट

शिनसेकाईबद्दल कुणीच लिहिलं नाही. मला तो भाग दोतोनबोरीपेक्षा जास्त आवडला. १९१२ साली अर्धं पॅरिस, अर्धं न्यूयॉर्कचं कोनी आयलंड अशा थाटात उभारलेलं 'नवं जग'. आता ते इतकं जुनं दिसतं की नावाची गंमत वाटते. मधोमध त्सुतेनकाकु मनोरा. पहिला युद्धात गेला, हा १९५६ चा. खाली जानजान गल्लीत म्हातारे शोगी खेळत बसलेले, बाहेरून बघणारे त्यांना चाली सुचवतात. आपल्या पारावरची बुद्धिबळं.

तिथे कुशिकात्सु खाल्लं, काडीला टोचून तळलेलं काहीही. रश्श्याचं भांडं सगळ्यांचं एकच, म्हणून उष्टी काडी दुसऱ्यांदा बुडवायची नाही, हा भिंतीवर लिहिलेला नियम. आपल्याला समजावून सांगावा लागत नाही, उष्ट्याचा विचार रक्तात आहे. कोविडनंतर बऱ्याच ठिकाणी भांडी जाऊन बाटल्या आल्या. कमळकाकडी, कांदा, लाल आल्याचं लोणचं, अशा भाज्याही तळून देतात. पण पीठ अंड्याचं आणि तेल तेच, त्यामुळे आईंसाठी नाही.

पायपीट

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्ड छापलं. आईने विचारलं, "त्यांना लसूण चालते का विचार." मी विषय बदलला.

पायपीट

परत आलो. येऊन बारा दिवस झाले, झोप अजून जपानच्या वेळेवर आहे, म्हणून पहाटे चारला लिहितेय.

सुरुवात वाईट झाली. नाम्बाला लिफ्ट आहेत, पण त्या आपल्याला जिथे नेऊन सोडतात तिथून आपण कुठे आहोत ते कळत नाही. दोन बॅगा आणि आई घेऊन अर्धा तास जमिनीखाली फिरलो. शेवटी आई एका औषधाच्या दुकानासमोर बॅगेवर बसली आणि म्हणाली, "तू शोध, मी इथे आहे." कासवगती, तुमची आठवण झाली.

ओसाकापूर यांचं ऐकून दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दोतोनबोरीत गेलो. सगळी शटरं खाली, रस्ता पाण्याने धुणारी माणसं, बिअरच्या पिंपांचे टेम्पो, कागदाच्या खोक्यांचे ढीग. खेकड्याचे पाय स्थिर होते. आई बराच वेळ बघून म्हणाली, "हा कधी सुरू होतो?" जत्रा सुरू व्हायच्या आधी पाळण्याजवळ उभं राहिल्यावर वाटतं ना, तसं वाटलं. तिथून मिदोसुजी या हमरस्त्यावर गेलो तर दुतर्फा गिंकोची झाडं पिवळी धमक. आईने पानं वेचून पाकिटात ठेवली.

होझेनजीत आम्ही तीनदा गेलो. माझ्या यादीत एकदाच होतं. पहिल्यांदा मी शाईदौत यांची 'अचल'ची गोष्ट सांगितली. आईने मान डोलावली आणि आधी इतर लोक काय करतात ते पाहत राहिली. ऑफिसला निघालेली एक मुलगी आली, पळीने तीनचारदा पाणी उडवलं, हात जोडले आणि घड्याळ बघत गेली. मग आई पुढे झाली. पाणी घातलं, नमस्कार केला आणि मला विचारलं, "हे सगळं पाणी जातं कुठे?" संध्याकाळी म्हणाली, जेवायच्या आधी तिथून जाऊ. शेवटच्या सकाळी सामान बांधून झाल्यावर पुन्हा. का, ते मी विचारलं नाही. झेनझाईच्या दोन्ही वाट्या तिने संपवल्या, बरोबर दिलेलं खारवलेलं कोम्बु मला सरकवलं.

फसलं ते जेवण, पहिल्या दुपारी. एका छोट्या उडोनच्या दुकानात कार्ड दाखवलं. मालक ते आत घेऊन गेला, पाच मिनिटांनी बाहेर आला, वाकून काहीतरी बोलला आणि हातांची फुली केली. जमणार नाही. आई आधी चिडली, भुकेली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "बरं झालं सांगितलं. नाही तर वाढलं असतं आणि आपण खाल्लं असतं." त्या दुपारी एकेक रताळं खाल्लं, रस्त्याच्या कडेला उभ्याने. सालं टाकायला कुठे कचरापेटी नाही, ती पिशवीत घालून हॉटेलपर्यंत वागवली. तिन्ही रात्री एकाच भारतीय हॉटेलात जेवलो. तिसऱ्या रात्री त्यांनी न सांगता पोळ्या कडक भाजून आणल्या.

बुनराकु एका अंकाचं केलं. आई पहिली वीस मिनिटं झोपली, खरं सांगते. शामिसेनच्या एका फटक्याने दचकून जागी झाली आणि मग शेवटपर्यंत हलली नाही. बाहेर आल्यावर : "ती बाहुली बाही दातात धरून रडली. त्या तीन पुरुषांनी हे कुठे पाहिलं असेल?" आजोळ, सुईचं मी तिला सांगितलं नाही.

आता दोतोनबोरीची संध्याकाळ. रविवारी सहाला गेलो, तर्रीबाज म्हणतात ती सगळी गर्दी होती. मला नकोसं झालं. आईला नाही. तिला तोच फोटो हवा होता, हात वर, पाय वर. गुडघ्यामुळे पाय उचलला की तोल जाई. दोनदा झालं. तेवढ्यात बिबट्याच्या ठिपक्यांचा कोट घातलेल्या एक बाई गर्दीतून आल्या, आईच्याच वयाच्या, काही न विचारता तिचा कोपर धरला आणि मला खुणेने सांगितलं, काढ. फोटोत आईचा पाय वर आहे, आणि कडेला अर्धा बिबट्या. मग त्यांनी पर्समधून एक गोळी काढून आईच्या हातात कोंबली आणि गेल्या. आईने गोळी उलटसुलट करून पाहिली. कागदावर सगळं जपानीत. ती गोळी अजून तिच्या पर्समध्ये आहे, गिंकोच्या पानांशेजारी.

शाईदौत

अगं, ती तर ओसाकाची ओळख! ओसाकाच्या मावश्या आणि त्यांच्या पर्समधल्या गोळ्या. गोळीलासुद्धा लाडाने 'आमे-चान' म्हणतात, गोळीबाई म्हण ना. ठिपक्यांचा कोटही त्यांचाच. कागदाचा फोटो टाक, घटक वाचून सांगते.

तर्रीबाज

पायपीट, अर्धा बिबट्या वाचून मी माझा जुना फोटो काढून पाहिला. माझ्या फोटोत कुणी नाही, अनोळखी लोकांची डोकी आहेत. सकाळी आठला जायचं कुणी तेव्हा सांगितलं नाही.

घाटवाट

दोगुयासुजी केलंत का? भांड्यांची गल्ली?

पायपीट

तेच लिहायचं राहिलं! आमचा सर्वात जास्त वेळ तिथेच गेला. दोतोनबोरीला वीस मिनिटं, भांड्यांच्या गल्लीला अडीच तास. रविवार पेठेतल्या बोहरी आळीवर छप्पर घाला, आवाज कमी करा आणि प्रत्येक वस्तूवर किंमत लावा, म्हणजे दोगुयासुजी. हॉटेलवाल्यांसाठीच्या सुऱ्या, कंदील, पाट्या, दुकानांच्या काचेत मांडतात ते प्लास्टिकचे खोटे पदार्थ. आईने खोट्या भातावर बोट दाबून पाहिलं.

आणि मग तिला ताकोयाकीचे तवे दिसले. "अगं, आप्पेपात्र!" हे इतक्या मोठ्याने की दुकानदार बाहेर आला. बिडाचा, गोल खळग्यांचा तवा, सोबत गोळे उलटायची लांब सुई. मी म्हटलं, आपल्याकडे एक आहे की. ती म्हणाली, त्यात सातच होतात. बॅगेत दोन किलोंची भर पडली आणि माझे दोन स्वेटर मला अंगावर घालून विमानात बसावं लागलं.

कासवगती

मग झाले का आप्पे?

पायपीट

पहिला घाणा पूर्ण चिकटला. बीड नवं होतं, तापवून तेल मुरवायला हवं होतं, तिची घाई. दुसऱ्या दिवशी रीतसर तेल लावून रात्रभर ठेवलं, मग जमले. खळगे आपल्यापेक्षा लहान आणि खोल आहेत, झाकण नाही, त्यामुळे मधे कच्चे राहतात. आईने उपाय काढला : झाकायचं नाही, त्या सुईने सारखे फिरवत राहायचं, त्यांच्यासारखे. आता चेंडूसारखे गोल होतात. वहिनी म्हणते हे आप्पे नव्हेत. खाते मात्र.

ओसाकापूर

फोडून, वाफ जाऊ देऊन खाल्ले ना?

पायपीट

भावाने अख्खा तोंडात टाकला.